निकालाच्या दिवशी साईट झोपते तेव्हा नेमकं काय झोपतं?

दहावीचा निकाल दुपारी १ वाजता लागणार असतो आणि १२:५५ पासूनच घरातले सगळे फोन, आईचा, बाबांचा, वरच्या मजल्यावरच्या काकांचासुद्धा, एकाच पानावर उघडून बसलेले असतात. १ वाजतो, सीट नंबर टाकला, आईचं नाव टाकलं, बटण दाबलं, आणि ते गोल चक्र जे फिरायला लागतं ते फिरतच राहतं. मग काका जाहीर करतात, "सर्व्हर डाऊन झाला." तत्काळ तिकिटाला सकाळी १० वाजता तेच, ॲडमिशनच्या शेवटच्या तारखेला रात्री ११ वाजता तेच.

आता गंमत अशी की बऱ्याचदा सर्व्हर डाऊन झालेलाच नसतो. तो चांगला जिवंत असतो, तुमचा नंबर त्याने घेतलेला असतो, फक्त आतून उत्तर आणायला पाठवायला त्याच्याकडे माणूस उरलेला नसतो. हा माणूस म्हणजे डेटाबेसचं कनेक्शन, आणि सर्व्हर प्रोग्रॅम लिहिणाऱ्या प्रत्येकाने इथे कधी ना कधी माती खाल्लेली असते. मीही खाल्लीय, सांगतो पुढे.

आधी कचेरीत जाऊन येऊ

तहसील कचेरी डोळ्यासमोर आणा. पुढे खिडक्या, खिडकीत कारकून. मागे बोळ संपला की रेकॉर्ड रूम, तिथे कपाटांत बांधून ठेवलेली दप्तरं, आणि तिथला एक खडूस रेकॉर्ड कीपर जो अनोळखी माणसाला दारात उभं करत नाही. तुम्ही खिडकीत चिठ्ठी देता, कारकून ती शिपायाकडे देतो, शिपाई आत जातो, कागद घेऊन येतो, कारकून तो तुमच्या हातात देतो.

खिडकीतला कारकून म्हणजे सर्व्हर प्रोग्रॅम. नेटवर्कवर एका ठरलेल्या नंबरावर, ज्याला पोर्ट म्हणतात, कान लावून बसायचं, कोणी आलं की काय हवंय ते ऐकायचं आणि उत्तर द्यायचं, एवढंच त्याचं काम. रेकॉर्ड रूम म्हणजे डेटाबेस, माहिती नीट लावून ठेवणारा आणि मागितली की काढून देणारा वेगळाच प्रोग्रॅम, बहुतेक वेळा वेगळ्याच मशीनवर. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस ही त्यातली रोजच्या वापरातली नावं. चिठ्ठी म्हणजे क्वेरी. आणि शिपाई म्हणजे कनेक्शन.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही ती ही की डेटाबेस स्वतःसुद्धा एक सर्व्हरच आहे. पोस्टग्रेस ५४३२ नंबरच्या पोर्टवर कान लावून बसतो, मायएसक्यूएल ३३०६ वर. म्हणजे तुमच्यासमोर जो सर्व्हर म्हणून मिरवतो तो डेटाबेससमोर गिऱ्हाईक असतो. एकाच प्रोग्रॅमने पुढे दुकानदार व्हायचं आणि मागे गिऱ्हाईक व्हायचं, तेही एकाच वेळी, आणि सगळी कटकट तिथूनच सुरू होते.

शिपायाचा पास

कनेक्शन म्हटलं की लोकांना वायर वाटते, एकदा खोचली की झालं. तसं नाहीये. नवीन कनेक्शन उघडायचं म्हणजे आधी दोन मशीनची ओळखपाळख, तीन निरोप इकडून तिकडे, मग बोलणं कोणी चोरून ऐकू नये म्हणून कुलूपकिल्लीची ठरवाठरव, मग नाव आणि पासवर्ड, आणि हे सगळं पटलं की पोस्टग्रेस त्या एका कनेक्शनसाठी स्वतःचा एक वेगळा प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅमची एक नवी प्रत, जन्माला घालतो. मायएसक्यूएल थोडं स्वस्तात भागवतो, एका थ्रेडवर, म्हणजे त्याच प्रोसेसच्या आत चालणाऱ्या कामाच्या एका धाग्यावर, पण फुकट तोही देत नाही. कधीकधी तर पास काढण्यात जेवढा वेळ जातो तेवढा आतून कागद आणायलाही लागत नाही.

वेब अगदी नवीन होतं तेव्हा, साधारण १९९३ नंतरची काही वर्षं, पद्धत अशी होती की प्रत्येक माणूस आला की एक नवा प्रोग्रॅम सुरू करायचा, त्याने नवं कनेक्शन उघडायचं, एक प्रश्न विचारायचा, कनेक्शन बंद करायचं आणि मरायचं. म्हणजे दर चिठ्ठीला नवा शिपाई भरती करा, ओळखपत्र बनवा, पास काढा, एक कागद आणला की नोकरीवरून काढा. दिवसाला शंभर लोक येत होते तोवर चाललं.

मग लोक शहाणे झाले आणि पूल आला. पूल म्हणजे काय, तर दहा शिपाई सकाळीच पास काढून बाकावर बसवून ठेवायचे. चिठ्ठी आली की बाकावरचा एक उठतो, काम करतो, परत येऊन बसतो. जावा ह्या भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांकडे हिकारीसीपी नावाचा जो पूल सर्रास वापरतात, त्यात तुम्ही काही सांगितलं नाही तर बाकावर जास्तीत जास्त १० जण असतात. ऐकून लोकांना धक्का बसतो, दहा? पंधरा लाख पोरांना दहा?

जरा हिशोब करू

नीट लावलेल्या डेटाबेसमध्ये सीट नंबरावरून एका मुलाचा निकाल काढायला समजा २० मिलिसेकंद लागले, हा आकडा तर मी सढळ हाताने धरतोय. एक शिपाई सेकंदाला ५० फेऱ्या मारणार, दहा शिपाई ५००. तासाला १८ लाख. म्हणजे दहावीची जवळपास पंधरा लाख मुलं शिस्तीत तासाभरात पसरून आली असती तर दहा शिपायांनी सगळ्यांना निकाल देऊन वर चहा प्यायला असता.

पण कोण येतं पसरून. समजा पहिल्या मिनिटातच ५ लाख लोक आले, तर सेकंदाला आठ हजारांवर चिठ्ठ्या, आणि प्रत्येक जण चौथ्या सेकंदाला परत बटण दाबणार.

आणि वरचे २० मिलिसेकंद इंडेक्स असेल तरच बरं का. इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या मागची सूची. ती असेल तर लाखो नोंदींतून हवी ती काही मोजक्या उड्यांत सापडते, नसेल तर शिपाई पहिल्या दप्तरापासून एकेक कागद उलटत बसतो. ह्यात जर २ सेकंद गेले तर तेच दहा शिपाई सेकंदाला ५०० ऐवजी फक्त ५ माणसांना पुरतात. शिपाई तेच, बाक तोच, फरक शंभरपट. मला विचाराल तर अडकलेल्या साईटचं दुखणं सर्व्हरच्या आकारापेक्षा अशा एखाद्या आळशी चिठ्ठीत जास्त वेळा सापडतं, पण नवीन मशीन विकत घेणं मीटिंगमध्ये दिसायला बरं दिसतं.

पुढे दहा हजार, मागे शंभर

१९९९ साली डॅन केगेल नावाच्या प्रोग्रॅमरने एक प्रश्न लावून धरला, की एका साध्या सर्व्हरने एकाच वेळी दहा हजार लोकांना का सांभाळू नये. त्या काळात सर्व्हर दर माणसामागे एक प्रोसेस किंवा एक थ्रेड अडकवून ठेवायचे आणि तेवढ्यातच धापा टाकायचे. पुढे इगोर सिसोएव्ह ह्या रशियन इंजिनिअरने २००४ मध्ये एन्जिनएक्स नावाचा सर्व्हर प्रोग्रॅम बाहेर काढला, जो एकाच प्रोसेसमध्ये हजारो लोकांकडे आळीपाळीने बघतो, ज्याचं काम तयार आहे त्याला हात लावतो आणि बाकीच्यांना नुसतं थांबवून ठेवतो. पुढची खिडकी अशी प्रचंड रुंद झाली.

मागचा बोळ मात्र होता तेवढाच राहिला. पोस्टग्रेस नुसता इन्स्टॉल केला तर कनेक्शनची मर्यादा १००, त्यातली ३ ॲडमिनसाठी राखीव. मायएसक्यूएलची १५१. ती ओलांडली की पोस्टग्रेस म्हणतो "सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी" (सॉरी म्हणणारा एरर, सभ्य माणूस आहे), मायएसक्यूएल कोरडेपणाने "टू मेनी कनेक्शन्स". तुमच्यापर्यंत यातलं काही पोचत नाही, तुम्हाला चक्र दिसतं, नाहीतर ५०३, म्हणजे सध्या जमणार नाही, नाहीतर ५०४, म्हणजे मी आत विचारलं होतं पण वाट बघून कंटाळलो.

"मग शंभराचे हजार करा की"

करता येतात, एक आकडा बदलायचा आणि डेटाबेस रिस्टार्ट मारायचा, पण होतं उलटंच. रेकॉर्ड रूममध्ये कपाटं आठ आणि आत सोडले हजार शिपाई, तर हजार जण काम करत नाहीत, हजार जण एकमेकांना धक्के मारतात. मशीनला आठ कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग, असतील तर एका क्षणी आठच कामं खरोखर चालतात, बाकी सगळे आळीपाळीने आत-बाहेर, आणि ही अदलाबदल करण्यातच मशीनचा जीव जातो. वर प्रत्येकाला मेमरी लागते ती वेगळीच. पोस्टग्रेसवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे, कोअरच्या दुप्पट अधिक डिस्कची संख्या, म्हणजे आठ कोअर आणि एका डिस्कला १७ चालती कनेक्शन. सतराच! बाकीच्यांनी बाकावर थांबणं हे आत जाऊन गर्दी करण्यापेक्षा सगळ्यांनाच लवकर मोकळं करतं. पटत नाही पटकन, मलाही पटलं नव्हतं.

"बरं मग पुढचे सर्व्हर वाढवा"

हे तर बऱ्याच ठिकाणी आपोआप होतं, गर्दी वाढली की क्लाऊडवर नवे सर्व्हर आपले आपण चालू होतात. पण प्रत्येक नवी खिडकी आपला स्वतःचा बाक आणि स्वतःचे शिपाई घेऊन येते. एका सर्व्हरचा पूल २० चा असेल तर चार सर्व्हरचे ८० झाले, ठीक, पाचव्याचे १००, आणि मर्यादा तर ९७. म्हणजे गर्दीत मदतीला म्हणून आलेला पाचवा सर्व्हरच दार तुंबवतो आणि मग आधीच्या चारांनाही नवं कनेक्शन मिळेना होतं. म्हणून मध्ये पीजीबाउन्सरसारखा मुकादम ठेवतात, जो सगळ्या खिडक्यांच्या चिठ्ठ्या गोळा करतो आणि मोजक्याच शिपायांकडून फेऱ्या मारून घेतो.

"एकच कनेक्शन उघडा आणि सगळ्यांना वापरू दे"

नवीन मुलं हे हमखास करतात, कारण स्वतःच्या लॅपटॉपवर एकट्याने टेस्ट केलं की ते झकास चालतं. पण कनेक्शनवर एका वेळी एकच संभाषण चालतं. पहिल्याची चिठ्ठी अर्धी वाचून होतेय तोवर दुसऱ्याने आपली घुसवली तर मायएसक्यूएल "कमांड्स आऊट ऑफ सिंक" म्हणून हात वर करतो, आणि तो ओरडला तर नशीब समजा. वाईट प्रकार असा की सर्व्हर सुरू होताना आधी कनेक्शन उघडतो आणि नंतर स्वतःच्या चार प्रती काढतो, मग त्या चौघांच्या हातात तेच एक कनेक्शन, चौघंही त्याच नळीत बोलतात आणि उत्तर ज्याने आधी कान लावला त्याच्याकडे जातं. एकाचे मार्क दुसऱ्याच्या पानावर. उपाय साधा, आधी प्रती काढा आणि मग प्रत्येकाला आपापलं कनेक्शन उघडू द्या, क्रम उलटा नको, पण हे शोधायला माझ्या एका मित्राचे तीन दिवस गेलेत, कारण गर्दी नसली की ते दिसतच नाही.

वाचनालयाची सकाळ

आता माझी माती. वसईकडच्या एका वाचनालयासाठी मी पुस्तकं देण्याघेण्याचा छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता, ओळखीतलं काम, पैसे नाममात्र. सर्व्हर सुरू झाला की मायएसक्यूएलला कनेक्शन उघडायचं आणि दिवसभर तेच वापरायचं, वापरणारं माणूस एकच, तिथल्या ग्रंथपाल मॅडम, त्यामुळे वरचा गोंधळ व्हायचा प्रश्न नव्हता. पहिला दिवस उत्तम. दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ला फोन, "अहो, हे बंद आहे." मी उघडून बघितलं तर चालू. तिसऱ्या दिवशी परत ९ ला फोन, परत मी बघेपर्यंत चालू. आठवडाभर हेच, मला वाटायला लागलं की वाचनालयाच्या नेटचंच काहीतरी आहे, नाहीतर मॅडमचं.

मग लॉग, म्हणजे प्रोग्रॅम स्वतःच लिहून ठेवतो ती रोजनिशी, उघडला. रोज सकाळची पहिली चिठ्ठी मरत होती, एरर "सर्व्हर हॅज गॉन अवे". मायएसक्यूएल एखाद्या कनेक्शनवर २८,८०० सेकंद कोणी बोललंच नाही तर ते आपल्या बाजूने तोडून टाकतो. २८,८०० म्हणजे बरोबर ८ तास. वाचनालय रात्री ८ ला बंद, सकाळी ९ ला उघडतं, मध्ये १३ तास. शिपायाचा पास पहाटे ४ ला बाद झालेला असायचा आणि सकाळी माझा कारकून त्यालाच रुबाबात आत पाठवायचा. पहिली फेरी फुकट गेली की मायएसक्यूएलशी बोलायला मी वापरलेला तयार कोड स्वतःच नवीन कनेक्शन जोडायचा, म्हणून मी बघेपर्यंत सगळं ठीक. दुपारी १२ ते ४ सुट्टी, चारच तास, म्हणून दुपारी कधी तक्रार नाही. उपाय एका ओळीचा निघाला, शिपायाला पाठवायच्या आधी "आहेस ना रे?" असं विचारून घ्यायचं. तोवर मॅडमनी स्वतःचा उपाय काढलेला होता. "मी आता दोनदा दाबते, पहिल्यांदा त्याला उठवायला."

शनिवारी बंद पडणारा प्रोग्रॅम

पुढे दोन कॉम्प्युटर आले म्हणून मी पूल लावला, दहाचा. मग प्रोग्रॅम फक्त शनिवारी मरायला लागला. शनिवारी मुलं यायची, मुलांना सभासद नंबर आठवायचा नाही, चुकीचा नंबर टाकला जायचा. चुकीचा नंबर आला की माझा कोड "असा सभासद नाही" सांगून तिथूनच परत फिरायचा, आणि कनेक्शन पुलात परत ठेवायची ओळ होती त्याच्या खाली. म्हणजे दर चुकीच्या नंबरामागे एक शिपाई बोळात गेला तो गेलाच. दहा मुलं चुकली की बाक रिकामा, अकराव्याला ३० सेकंद वाट बघून एरर. रिस्टार्ट केला की पुढच्या दहा चुकांपर्यंत चालू.

म्हणून कोणी "रिस्टार्ट केलं की ठीक होतं" म्हणालं की मी आधी हाच विचारतो प्रश्न, घेतलेलं कनेक्शन प्रत्येक वाटेने परत येतंय का, चुकीच्या वाटेनेसुद्धा.

त्याच कोडमध्ये तिसरा घोळ होता तो तिथल्याच आडनावांनी पकडून दिला. वसईत डिसोझा, डिसिल्वा भरपूर, आणि इंग्रजीत लिहिताना डी नंतर वरती तो छोटा शेपटीवाला टिंब येतो, अपॉस्ट्रॉफी. डेटाबेसच्या भाषेत तीच खूण म्हणजे "नाव इथे संपलं". मी सभासदाने दिलेलं नाव जसंच्या तसं चिठ्ठीत चिकटवत होतो, त्यामुळे डिसोझांचं नाव डी लाच संपायचं आणि उरलेलं सोझा डेटाबेस हुकूम म्हणून वाचायला जायचा. इथे नुसता एरर आला. पण कोणी मुद्दाम त्या जागी खरोखरचा हुकूम लिहिला असता, सगळ्या नोंदी पुसून टाक असा, तर माझ्या शिपायाने तोही इमानेइतबारे आत नेऊन दिला असता. ह्यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. त्यावर उपाय म्हणजे छापील फॉर्म, हुकूम आधीच छापलेला, लोकांनी फक्त रिकाम्या चौकटी भरायच्या, चौकटीत काहीही लिहिलं तरी ते नावच समजलं जातं.

"मधला कारकूनच काढा, ॲप थेट डेटाबेसला जोडा"

मग डेटाबेसचा पासवर्ड ॲपमध्ये ठेवावा लागेल, म्हणजे लाखो फोनमध्ये, आणि ॲप सोलून आतला पासवर्ड काढणं जाणकाराला फार अवघड नसतं. शिवाय एकेका फोनचं एकेक कनेक्शन, मर्यादा शंभर. म्हणून कारकून हवाच, तोच ठरवतो कोणाला काय विचारता येईल.

निकाल सोपा, तत्काळ अवघड

आता हे सगळं कळल्यावर दोन गर्द्यांतला फरक दिसतो. निकाल एकदा लागला की त्या दिवसभरात बदलत नाही. त्याच्यासाठी दर वेळी रेकॉर्ड रूमपर्यंत जायची गरजच काय, आदल्या रात्री सगळ्यांच्या निकालाच्या प्रती काढून खिडकीतच ठेवा, ह्याला कॅश म्हणतात, पैशाची नव्हे, साठवणीची. निकाल हल्ली तीनचार वेगवेगळ्या साईटवर आणि डिजिलॉकरवरही मिळतो ते ह्याच कारणाने जमतं, वाचायच्या प्रती कितीही ठिकाणी ठेवा, भांडण नाही. त्यामुळे निकालाची साईट दरवर्षी अडकत असेल तर तिला माझ्याकडून सहानुभूती कमीच.

तत्काळचं तसं नाही. सकाळी १० ला एसी, ११ ला नॉन-एसी, आणि शेवटचा एक बर्थ दोघांना हवा. दोघांचे शिपाई एकाच वेळी आत गेले, दोघांना "रिकामा आहे" कळलं, दोघांनी नाव लिहिलं, तर एकाच बर्थवर दोघं जण. म्हणून पहिला शिपाई ती फाईल हातात धरतो, त्याचं लिहून होईपर्यंत दुसऱ्याने उभं राहायचं. पण उभा असलेला शिपाईसुद्धा बाकावर नसतोच ना, तोही पुलातून गेलेलाच! आणि इथे एखादा हुशार प्रोग्रॅमर फाईल धरूनच ठेवून तुमच्या बँकेचा ओटीपी यायची वाट बघायला लागला, तर बँकेच्या दोन मिनिटांसाठी अख्खा बोळ ठप्प. म्हणून बर्थ तात्पुरता ह्या माणसाच्या नावे अशी नोंद करायची, फाईल सोडायची, आणि पैसे आले की परत जायचं. अशा ठिकाणी कॅश अर्धवटच कामाची, साईट संथ झाली तर मी थोडा समजून घेतो.

मग रिफ्रेश मारू की नको?

निकालाला मारलात तर एवढंच होतं की तुमची जुनी चिठ्ठी बहुतेक वेळा आत चालूच राहते, तुम्ही खिडकी सोडून रांगेत मागे जाता, आणि शिपाई कागद घेऊन येतो तेव्हा घ्यायला कोणी नसतं. पैसे भरताना किंवा काही नोंदवताना मात्र दोनदा दाबलं की दोन नोंदी व्हायचा धोका असतो.

वाचनालयात तेच झालं. सकाळचा घोळ मी कधीच दुरुस्त केला होता पण मॅडमची दोनदा दाबायची सवय गेली नव्हती, आणि एकच पुस्तक एकाच माणसाला त्याच मिनिटात दोनदा दिल्याच्या नोंदी सापडायला लागल्या. शेवटी मी डेटाबेसलाच नियम घातला, की एक प्रत परत आल्याशिवाय दुसऱ्यांदा देता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ला फोन.

"अहो, हे पुस्तक मी आत्ता ह्या क्षणाला देतेय आणि हे मला सांगतंय आधीच दिलंय म्हणून."

म्हटलं, मॅडम, बरोबर सांगतंय.